नागरिकांनी सतर्क राहावे

वृत्तनिवेदन आणि मराठीचे अध्यापन यांचे सोयरसंबंध जुने आहेत. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारे अनंत भावे मराठीचेच प्राध्यापक होते. त्याच पडद्यावर बातम्या वाचणाऱ्या भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांना महाराष्ट्र पुढे मुख्यतः अभिनेत्री म्हणून ओळखू लागला. आम्हा पतिपत्नींचे नाव त्या मालिकेत घेण्याचे काही कारण नाही. पण आम्ही दोघेही दिवसा महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि २००७ पासून, महिन्यातल्या मोजक्या पहाटे आणि संध्याकाळी, आकाशवाणीच्या एका प्रादेशिक वृत्तविभागात हंगामी वृत्तनिवेदक-भाषांतरकार म्हणून जातो. (शहराचे नाव सांगत नाही. हंगामी माणसाने तेवढी सावधगिरी बाळगावी.) दोघांच्या पाळ्या एकाच दिवशी येऊ नयेत, एवढी काळजी घेतली की संसार चालतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वृत्तनिवेदक म्हणजे केवळ आवाज वाटतो. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ भाषांतरात आणि काटछाटीत जातो. दिल्ली-मुंबईहून येणारा इंग्रजी मजकूर, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अंशकालीन वार्ताहरांचे निरोप, माहिती कार्यालयाची पत्रके, या साऱ्यातून दहा मिनिटांचे बातमीपत्र उभे करायचे, आणि तेही मिनिटाला साधारण शंभर शब्द हा हिशेब डोक्यात ठेवून. एखाद्या अपघाताच्या किंवा आपत्तीच्या बातमीला त्यात सहसा चार वाक्ये मिळतात. पहिले वाक्य काय घडले त्याचे. दुसरे आकड्यांचे. तिसऱ्यात शोक, मदत आणि चौकशीचे आदेश एकत्र नांदतात. चौथे वाक्य आवाहनाचे असते. वर्षानुवर्षे ही चार वाक्ये लिहिताना आणि वाचताना पहिल्या आणि चौथ्या वाक्याच्या रचनेतली एक विसंगती आम्हाला दिसू लागली. ती प्रामुख्याने व्याकरणाची आहे, म्हणून ती आपल्यासारख्या वाचकांपुढे मांडावी असे वाटले.

पहिले वाक्य पाहू. पूल कोसळला. इमारत कोसळली. दरड कोसळली. जाहिरातफलक कोसळला. ‘कोसळणे’ हे क्रियापद अकर्मक, प्रयोग कर्तरी, आणि कर्ता कोण, तर पूल. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपण प्रयोगांची चर्चा वाचत आणि शिकवत आलो आहोत, त्यामुळे यात चूक काढण्यासारखे काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे. व्याकरणाच्या दृष्टीने कोसळण्याची क्रिया पूलच करतो. मे २०२४ मध्ये मुंबईत घाटकोपरला वादळी पावसात पेट्रोल पंपावर जो फलक पडला आणि १७ माणसे गेली, तो १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद होता. महापालिकेच्या म्हणण्यानुसार परवानगी देता येत होती ती जास्तीत जास्त ४० फूट बाय ४० फुटांच्या फलकाला. एवढा मोठा फलक कोणीतरी उभारला, कोणीतरी तो रोज पाहिला, कोणीतरी त्याचे भाडे घेतले. तरी पहिले वाक्य ‘फलक कोसळला’ असेच होते. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्या पंपावर थांबले होते, ही गोष्ट चार वाक्यांत बसली नाही.

‘कोसळणे’ या क्रियापदाचा पसारा पाहण्यासारखा आहे. पाऊस कोसळतो, शेअर बाजार कोसळतो, सरकारही कोसळते. मात्र सरकार कोसळले की दुसऱ्याच दिवशी ते कोणी पाडले याची चर्चा सुरू होते. ‘पडणे’चे ‘पाडणे’ होते. मराठीत अशा जोड्या हाताशी आहेत: पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, बुडणे-बुडवणे, मरणे-मारणे. राजकारणाच्या बातमीत आपण या जोडीतले दुसरे क्रियापद निःसंकोच वापरतो. अपघाताच्या बातमीत पहिल्यापाशीच थांबतो. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी ‘फुटले’, आणि पुण्याच्या बोलण्यात ते आजही फुटलेलेच आहे. ‘भरधाव ट्रकची धडक बसली’ या वाक्यात तर धडक स्वतःच येऊन बसते. ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले’ हे वाक्य आम्ही किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. नियंत्रणच सुटते, जणू गाईच्या दाव्यासारखे. रस्त्याच्या कडेला ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशी पाटी असते. प्रवण म्हणजे कल असलेले. वळणाचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार!

मरणाच्या शब्दांतही आमच्याकडे एक श्रेणी आहे. सामान्य माणसाचा मृत्यू होतो, प्रतिष्ठिताचे निधन होते, सैनिकाला वीरमरण येते, संतांचे महानिर्वाण होते. भक्ती बर्वे फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या मोटार अपघातात गेल्या, तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. त्यांच्यासाठी शब्द होता ‘निधन’. त्या रस्त्यावर त्यानंतर गेलेल्या बहुतेकांचा ‘मृत्यू’ झाला, आणि पुष्कळांचा तर नुसता आकडा झाला. हा भेदभाव आहे असे आम्ही म्हणत नाही. भाषेत शिष्टाचार असतोच. पण आकडे वाचण्याच्या वाक्यावर आवाज किती स्थिर ठेवायचा याचे जे शिक्षण आम्हाला मिळाले, त्यात हा शिष्टाचार फार कामी येतो हे खरे.

आता चौथे वाक्य. ‘नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन प्रशासनाने केले आहे.’ इथे कर्ता एकदम प्रकट होतो, तृतीया विभक्तीचा प्रत्यय लावून उभा राहतो: नागरिकांनी. वाक्य विध्यर्थी. प्रयोग भावे. ‘राहावे’ हे रूप नपुंसकलिंगी, एकवचनी, तृतीय पुरुषी. ते कर्त्याप्रमाणे बदलत नाही आणि बदलायला कर्म तर नाहीच. ऐकणारा एक असो की एक कोटी, पुरुष असो की स्त्री, सखल भागात राहणारा असो की चौदाव्या मजल्यावर, क्रियापद आपल्या जागी अढळ. आज्ञार्थात ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असतो, समोर कोणीतरी उभे असते. विध्यर्थात बोलणारा समोरच्याकडे न पाहता बोलतो. एका परीने हे सभ्यपणाचे आहे. मराठी निमंत्रणपत्रिकाही ‘उपस्थित राहावे’ असेच म्हणतात. पण निमंत्रण नाकारता येते.

पहिले आणि चौथे वाक्य शेजारी ठेवून वाचले की आमचे म्हणणे ध्यानात येईल. जे घडले ते आपोआप घडले. ते करणारा कोणी नाही. जे यापुढे घडू नये त्यासाठी करावयाचे सर्व मात्र नागरिकांनी करावयाचे आहे. प्रशासन त्या वाक्यात येते ते फक्त आवाहन करण्यापुरते. आणि एक गंमत अशी, की पूल बांधून झाला की कर्ता नुसता येत नाही, हातासकट येतो: ‘नव्या पुलाचे लोकार्पण अमुक यांच्या हस्ते झाले.’ महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल सुरूही झाला. दोन्ही बातम्या आमच्या वृत्तविभागातून गेल्या. दुसरीत हात होते.

त्या ऑगस्टमधल्या बातमीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि आणखी एक मोटार अंधारात नदीत गेली. आम्हा दोघांपैकी एकीची त्या आठवड्यात पाळी होती. तिने मजकुरात ‘पूल कोसळला’च्या आधी ‘वाहतुकीसाठी खुला ठेवण्यात आलेला’ एवढे चार शब्द घातले. आमचे वृत्तसंपादक सज्जन गृहस्थ होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, “मॅडम, ‘ठेवण्यात आलेला’ म्हणजे कोणी ठेवलेला? आणि हे आपण कोणाच्या हवाल्याने सांगतो आहोत?” प्रश्न दोन्ही रास्त होते. ‘ठेवण्यात आलेला’ या नव्या कर्मणी रचनेतही कर्ता गुलदस्तातच राहतो, हे मराठीच्या प्राध्यापकाला एका पत्रकाराने सांगावे यात तिला काही वावगे वाटले नाही. हवाला मात्र त्या सकाळी कोणाकडेच नव्हता. चार शब्द गेले. त्या जागी दोन जिल्ह्यांच्या पावसाचे आकडे आले.

त्याच घटनेत आणखी एक माणूस होता, आणि आमच्या मते त्या रात्रीचा खरा निवेदक तोच. पुलाजवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या त्या माणसाच्या लक्षात आले की पुलाकडे गेलेल्या गाडीचे दिवे पलीकडे दिसत नाहीत. तो रस्त्यावर धावला आणि मागून येणारी वाहने त्याने अडवली. २०१४ च्या जुलैमध्ये माळीण गाव डोंगराखाली गेले, १५१ माणसे गेली, तेव्हाही पहिली खबर दिली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाने. गाव जिथे असायचे तिथे त्याला चिखल दिसला. अशा वेळी तोंडातून आज्ञार्थच येतो. समोर माणूस दिसत असतो, आणि त्याला थांबवायचे असते.

कोकणातून आलेली आमची एक विद्यार्थिनी वर्गात म्हणाली होती, “मॅडम, आमच्याकडे ‘पूल कोसळला’ असं नाही म्हणत. ‘पूल गेला’ म्हणतात.” पूल गेला, साकव गेला, घर गेले, माणूस गेला. बातमीपत्रात हे क्रियापद आम्हाला कधी वापरता आले नाही. ‘गेला’ म्हटल्यावर ऐकणारा ‘कोणाचा?’ असे विचारील, आणि वाक्य लांबेल.

‘नागरिक’ या शब्दाकडेही वळू. आमच्या बातमीपत्रांत नागरिक प्रामुख्याने आवाहनात राहतात. अतिरेकी हल्ल्याच्या बातम्या सोडल्या तर मरताना सहसा कोणी नागरिक नसतो. तो प्रवासी असतो, भाविक असतो, पादचारी, मजूर, महिला, पर्यटक असतो. २०२० च्या टाळेबंदीत हा फरक आम्हाला फार बोचला. मार्चच्या अखेरीपासून दररोज, प्रत्येक बातमीपत्रात ‘नागरिकांनी घरीच थांबावे’ हे वाक्य होते. ते योग्यच होते, आणि आम्ही ते मनापासून वाचत होतो. घरात वृद्ध आई आणि शाळकरी मुलगी होती, बाहेर जे चालले होते त्याची भीती आम्हालाही होती. मग ८ मे ची पहाट आली. जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे निघाले होते, पुढची गाडी मिळेल या आशेने. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपणही पाहिले असेल. त्या दिवशीच्या बातमीपत्रात दोन पाने सोडून आवाहन होतेच: नागरिकांनी घरीच थांबावे. आम्ही दोन्ही बातम्या एकाच आवाजात वाचल्या. वाचायलाच हव्या होत्या. पण ‘थांबावे’ या क्रियापदाचा कर्ता होण्यासाठी आधी काय असावे लागते, हे भावे प्रयोगाच्या व्याख्येत नाही.

आता थोडे घरचे. आम्हा दोघांपैकी एकजण स्त्री आहे आणि पहाटेच्या पाळीसाठी तिला पावणेपाचला दुचाकीवर घराबाहेर पडावे लागते. जवळचा रस्ता आठ मिनिटांचा. ती बारा मिनिटांच्या रस्त्याने जाते, कारण त्यावर दुधाच्या गाड्या असतात आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडवत बसलेली मुले असतात. पोहोचल्यावर घरी एक मिस्ड कॉल. हे सारे आम्ही कधी ठरवले नाही, आपसूक झाले. (पाहा, इथेही ‘झाले’.) २००७ साली, म्हणजे आम्ही हे काम सुरू केले त्याच वर्षी, पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओमधल्या एका तरुणीची कंपनीच्याच मोटारीच्या चालकाने साथीदारासह अत्याचार करून हत्या केली. तिने अनोळखी वाहनात बसायचे नाही हा नियम पाळलाच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात पहाटे उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा दाखल झाला. तिला ‘ताई’ म्हणून हाक मारून त्या बसकडे नेण्यात आले, असे तेव्हाच्या वृत्तांत होते. ‘ताई’ हा शब्द आम्ही भाजीवालीपासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना दिवसातून वीस वेळा वापरतो. मराठी समाजाने अनोळखी स्त्रीशी बोलताना विश्वासाची खूण म्हणून जो शब्द घडवला, तोच असा वापरला जावा! त्या दिवसांत बातमीच्या पाठोपाठ सूचना आल्या: महिलांनी अनोळखी व्यक्तींवर विश्वास ठेवू नये. प्रत्ययासह कर्ता पुन्हा हजर. मूळ बातमीत मात्र ‘अत्याचार’, ‘अतिप्रसंग’, ‘विनयभंग’ ही आमची नेहमीची झाकणे होती. विनय कोणाचा भंगतो? या शब्दात ज्याने केले त्याच्या वर्तनाविषयी एक अक्षर नाही.

हेल्मेटविषयी लिहायचे होते, पण त्यावर पुण्यात एवढे लिहून आणि भांडून झाले आहे की एक शब्द नोंदवून पुढे जातो: ‘हेल्मेटसक्ती’. डोके वाचवण्याच्या कृतीला भाषेने जोडलेले हे दुसरे पद.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की उपाय सोपा आहे. पहिल्या वाक्यात कर्ता घाला, चौथ्यातले विध्यर्थ काढून आज्ञार्थ वापरा, माणसाशी माणसासारखे बोला. आम्हालाही काही काळ तसे वाटले. १ जुलै २०१८ नंतर तसे ठामपणे म्हणवत नाही. त्या दिवशी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर संदेश फिरत होते. आम्हालाही आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, पुढे पाठवा, अशा धाटणीचे. त्यांचे व्याकरण पाहा. कर्ता आहे. क्रियापद सकर्मक आहे. आज्ञार्थ आहे, तोही थेट ‘तुम्ही’ला उद्देशून. भाषा बोलीजवळची, ओळखीच्या माणसाने सांगावे तशी. आम्ही ज्या ज्या गोष्टी आमच्या बातमीपत्रात नाहीत म्हणून हळहळत होतो त्या सर्व त्या संदेशांत होत्या. नव्हता फक्त हवाला. वृत्तसंपादकांचा दुसरा प्रश्न.

अफवेचे हे बळ नवे नव्हते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, पाऊस ओसरलेला असताना, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याच्या आणि त्सुनामी आल्याच्या अफवेने रात्री चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. पावसातून वाचलेली माणसे एका वाक्याने मेली. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे आमचे सर्वांत झिजलेले वाक्य. वर्गात मुले त्याची नक्कल करतात. पण त्या रात्री नेहरूनगरात हेच वाक्य सांगणारा, ओळखीच्या आवाजाचा, एखादा रेडिओ चालू असता तर? असो.

आणि मग एल्फिन्स्टन रोड. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची गर्दीची वेळ, अचानक आलेला पाऊस, अरुंद पादचारी पूल, २३ मृत्यू. पूल कोसळला नव्हता. या चेंगराचेंगरीतून वाचलेल्या एका मुलीची हकीकत नंतर वृत्तपत्रांत आली होती. एका फुलवाल्याचे ओझे पडले, तो हिंदीत ‘फूल गिर गया’ म्हणाला, आणि गर्दीने ऐकले ‘पुल गिर गया’. रेल्वेच्या चौकशीने पावसाला आणि गर्दीला कारण ठरवले. अरुंद जिन्यावर एवढी माणसे कोणामुळे कोंडली, हा मूळ प्रश्न त्या एका शब्दाने पुसला जात नाही. तरी ती हकीकत आम्हाला सोडत नाही. भाषाविज्ञानाच्या तासाला अल्पप्राण-महाप्राणाचा भेद शिकवताना प आणि फ यांसाठी ‘पूल-फूल’ ही जोडी फळ्यावर लिहिण्याची आमची जुनी सवय होती. तेव्हापासून ‘पळ-फळ’ लिहितो.

म्हणजे कर्ता सांगू नये, असे का? तसेही नाही. ‘दोन गटांत दगडफेक झाली’ या वाक्यात आम्ही गटांची नावे घेत नाही, आणि ती न घेतल्यामुळे संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावात दगड उचलले जात नाहीत, यावर आमचा अजूनही विश्वास आहे. सकाळी सहा वाजता, धूर निवलेला नसताना, ‘झाले’ हे क्रियापद प्रामाणिकच असते, कारण कोणी केले हे खरोखरच ठाऊक नसते. आमची तक्रार सकाळी सहाच्या वाक्याबद्दल नाही. तेच वाक्य सहा महिन्यांनी, सहा वर्षांनीही तसेच राहते, आणि आवाहन मात्र दर पावसाळ्यात नव्याने केले जाते, याबद्दल आहे. चौकशीचे आदेश ही बातमी असते. चौकशीचा अहवाल सहसा बातमी होत नाही, किंवा अशा दिवशी येतो की त्या दिवशी दुसरेच काही कोसळलेले असते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा देशभर संताप उसळला. जामिनाच्या अटी पुढे बदलल्या, प्रकरण कुठल्या कुठे गेले. आम्ही मात्र मराठीचे प्राध्यापक. आमच्या मनात आले की निबंध हा आपला प्रांत, तो शिक्षेच्या जागी येऊन बसला आणि लोकांच्या लेखी हास्यास्पद ठरला. जून उजाडल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही हाच विषय दिला, ३०० शब्दांचीच मर्यादा घालून. एकच अट जास्तीची: ‘झाला’, ‘घडला’, ‘कोसळला’, ‘सुटला’ ही क्रियापदे वापरायची नाहीत. वर्ग हिरमुसला. दोन मुलांनी विचारले, “सर, मग वाक्य पूर्ण कसं करायचं?” ५२ जणांपैकी बहुतेकांनी चालकाला कर्ता केले. काहींनी आईवडिलांना, काहींनी मद्य देणाऱ्यांना. एका मुलाने, जो रात्री खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करून सकाळी वर्गात येतो, सबंध निबंध प्रथमपुरुषी लिहिला. मी सिग्नल तोडतो. कंपनी मला वेळ देते. ग्राहक मला तारे देतो. प्रत्येक वाक्याला कर्ता होता आणि प्रत्येक वाक्यात तो बदलत होता. त्याला आम्ही गुण किती दिले हे इथे महत्त्वाचे नाही. भाषिक चुका बऱ्याच होत्या.

१५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह नदीत गेला. चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. त्या संध्याकाळी आम्हा दोघांपैकी एकाची पाळी होती. बातमी तयारच आली होती, चार वाक्यांची. त्याने ती वाचली. ‘कोसळला’वर नेहमीप्रमाणे किंचित थांबला. नव्या वृत्तसंपादक बाई आमच्याच जुन्या विद्यार्थिनी आहेत. वाचून बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “सर, फलक होता हे आपण सांगितलं, पण ते पहिल्या वाक्यात गेलं की चौथ्यात, यानं अर्थ बदलतो ना?” बदलतो. पहिल्यात गेले तर ‘माहीत असून पूल उघडा होता’. चौथ्यात गेले तर ‘सांगूनही लोक गेले’. त्या दिवशी ते चौथ्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पहिल्यात नेले. हवाला होता, कारण फलक सर्वांनी पाहिलेला होता.

२०१५ च्या सप्टेंबरपासून आम्ही घरी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर ज्या बातमीत ‘चौकशीचे आदेश’ आले ती, तारखेसह. उजव्या पानावर पुढे काय निघाले ते. ज्या निकालामुळे वही सुरू झाली त्याची घटना मात्र आमच्या नोकरीच्या आधीची, म्हणून पहिले पान मागे जाऊन लिहिले. डावीकडे: ११ जुलै २००६, मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले, १८९ मृत्यू. उजवीकडे तीन नोंदी आहेत. सप्टेंबर २०१५: विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५: मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. २४ जुलै २०२५: हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून धरू नये एवढ्यापुरती सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही. ‘स्फोट झाले’ हे वाक्य आम्ही तेव्हा ऐकले होते. जुलै २०२५ मधल्या बातमीतही ते त्याच रूपात वाचले. तिसऱ्या नोंदीखाली पानावर अजून जागा आहे.